हवामानाखालची माणसं

बातमीखालच्या प्रतिक्रिया यंत्र तपासतं, असं लोकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. यंत्र शिव्या अडवतं, उरलेलं सगळं माझ्या माथी येतं. आमच्या वर्तमानपत्राचं संकेतस्थळ सुरू झालं तेव्हापासून मी हेच काम केलं. कोपऱ्यातलं टेबल, समोर भिंत, पडद्यावर प्रतिक्रियांची न संपणारी रांग आणि तिच्या शेजारी दोन बटणं: मंजूर, नामंजूर. इतकी वर्षं ही दोन बटणं दाबल्यावर माणसाचं काय होतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा. "हिच्याशी बोलायचं तर आधी रांगेत उभं राहावं लागतं," असं तो पाहुण्यांसमोर सांगतो. पाहुणे हसतात. मला हसू येत नाही, कारण त्याचं खरं आहे. समोरच्याने तोंड उघडलं की पहिल्याच वाक्यात मला कळतं गाडी कुठे चालली आहे, आणि माझं बोट आपसूक नामंजूरकडे वळतं.

त्या यंत्राला आम्ही चाळणी म्हणायचो. काय अडवायचं, हे तिला मीच शिकवलं होतं. शिव्यांचा मला कधी त्रास झाला नाही, त्या चाळणीतच अडकायच्या. त्रास व्हायचा तो नीटनेटक्या भाषेत लिहिलेल्या विषाचा. एखाद्या मुलीने पोहण्याची शर्यत जिंकली, की खाली कोणी गृहस्थ तिच्या रुंद खांद्यांबद्दल काळजी व्यक्त करणार आणि पुढे तिच्या लग्नाचं कसं व्हायचं म्हणून हळहळणार. एकही शब्द वाईट नाही आणि अख्खी प्रतिक्रिया किडलेली. दिवसभर असलं वाचून मी घरी जायची आणि भाजी निवडताना एखादं पान बाजूला टाकत "नामंजूर" म्हणायची.

चाळणीचा एक नियम मात्र मी संपादकांनासुद्धा मोडू दिला नाही. फोन नंबर आत येऊ द्यायचा नाही. कोणाचाही, कुठल्याही रूपात. त्यामागे एक नर्स आहे. तिच्या वॉर्डात एक रुग्ण दगावला, त्याची बातमी आली आणि खाली कोणीतरी तिचा नंबर टाकला. चार दिवसांनी ती आमच्या ऑफिसात आली, बाहेरच्या खुर्चीवर बसली आणि फोन टेबलावर ठेवला. फोन थरथरत टेबलावरून सरकत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. मी पाणी आणून दिलं, ते तिने घेतलं नाही. त्यानंतर मी चाळणीला नंबर ओळखायला शिकवलं. आकड्यांत लिहा, अक्षरांत लिहा, मध्ये टिंबं द्या, उलटा लिहा, ती गिळून टाकायची.

या सगळ्या गदारोळात एक पान असं होतं, जिथे मी चहाचा कप घेऊन निवांत जायची. हवामानाचं पान. रोज सकाळी तिथे दोन ओळी लागायच्या: आकाश निरभ्र किंवा ढगाळ, कमाल इतकं, किमान इतकं. त्यावर कोण कशाला भांडेल? म्हणून तिथल्या प्रतिक्रिया चाळणीतून निघाल्या की थेट पानावर लागायच्या आणि मी मागाहून सवडीने नजर टाकून मंजूर दाबायची. तिथे ठरलेली मंडळी जमायची. एक 'गच्चीवाला'. त्याने गच्चीवर झाडं लावली होती आणि कुंडी पडली की तो वाऱ्याला घरातल्या माणसासारखा झापायचा. एक 'दमट' नावाच्या बाई, त्यांच्या गुडघ्यांना ढग आधी कळायचे. एक 'उत्तरेकडचा', कुठेतरी पहारेकरी होता. खरी नावं कोणालाच कोणाची ठाऊक नव्हती. "उत्तरेकडचा आज दिसला नाही, बरा आहे ना?" असं कोणी विचारलं की दुपारपर्यंत उत्तर यायचं, "झोप लागली होती." तेवढ्यासाठी मी ते पान पुन्हा उघडून बघायची.

आणि एक होती 'पश्चिमेची खिडकी'. ती एकदा लिहून गेली, "एकतीस. वारा नाही. समोरच्या गॅलरीतल्या निळ्या चादरी हलत नाहीत. खालच्या शिंप्याचं मशीन सकाळपासून बंद आहे, त्याला बरं नसावं." कप माझ्या हातातच राहिला. त्या निळ्या चादरी मी रोज बघते. तो शिंपी माझ्या नवऱ्याच्या पँटी सैल करून देतो. पश्चिमेची खिडकी म्हणजे माझ्या सासूबाई होत्या.

माझे सासरे शाळेत विज्ञान शिकवायचे. खिडकीबाहेर त्यांनी एक थर्मामीटर पक्कं बसवलं होतं आणि रोज सकाळी त्यातला आकडा ते मोठ्याने सांगायचे. सांगायचे म्हणजे सासूबाईंना. दुसरं कोण ऐकतंय? ते गेल्यावर आकडा बघायचं काम सासूबाईंकडे आलं, पण ऐकणारं कोणी उरलं नाही. "आज तीस," असं त्यांनी मला एक-दोनदा सांगून पाहिलं. मी चप्पल शोधत "हं" म्हणाले. मग त्यांनी ते हवामानाखाली लिहायला सुरुवात केली.

मी त्यांना कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी लिहिणं सोडलं असतं. त्यांना वाटायचं सून पेपरात आहे, म्हणजे बातम्या लिहीत असणार. त्या घरी दोन शब्दांच्या वर बोलायच्या नाहीत. तिथे मात्र छान लिहायच्या, थोडं तिरकस, थोडं खुसखुशीत. एकदा त्यांनी लिहिलं, "अठ्ठावीस. हवा बरी आहे. सून उशिरा येते आणि येताना ऑफिस अंगावर घेऊनच येते. तिला काही विचारायची भीती वाटते." त्याखाली दमटबाईंनी लिहिलं होतं, "चहा द्या आणि गप्प बसा. आमच्याकडेही एक आहे." मला राग आला आणि रडूही आलं. दोन्ही आवरून मी मंजूर दाबलं. नियमात बसत होतं.

पुढे एका बातमीखालच्या प्रतिक्रियेवरून आमच्यावर बदनामीचा खटला होण्याची वेळ आली. वकिलाची नोटीस आली तेव्हा संपादक माझ्या टेबलाशी आले. वर्षातून एकदा ते माझ्या टेबलाशी यायचे आणि प्रत्येक वेळी खुर्ची कुठे आहे विचारायचे.

"मोठ्या बातम्यांखालच्या प्रतिक्रिया थोडे दिवस बंद करून बघू," ते म्हणाले. "घाण तिथेच आहे ना? तेवढा नळ बंद करू."

"पाणी दुसरीकडून येईल," मी म्हणाले.

"बघू तरी."

बघितलं. सकाळी नळ बंद केला आणि दुपारपर्यंत सगळा लोंढा हवामानाखाली आला. ढगांना पक्ष मिळाले. कोणाच्या राज्यात ऊन जास्त होतं, यावर हमरीतुमरी सुरू झाली. त्या धुमश्चक्रीत सासूबाईंनी नेहमीच्या वेळेला लिहिलं, "तेहतीस. चादरी हलताहेत." खाली कोणीतरी लिहिलं, "म्हातारे, तुला कोणी विचारलं? घरी बस." यात शिवी नव्हती, चाळणीने सोडून दिलं. सासूबाईंनी उत्तर दिलं, "घरीच बसले आहे."

मग काय, सगळ्यांना खेळणंच मिळालं. खिडकी बंद कर, अजून जिवंत आहेस का, थर्मामीटर तोंडात धर. मी भराभर नामंजूर दाबत होते आणि ते भराभर लिहीत होते. एक पुसलं की दुसरं लागत होतं. इतक्या वर्षांत परक्या माणसांबद्दलचं किती वाचलं असेल, गणती नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला खुर्चीवरून उठून कोणाच्या तरी घरी जावंसं वाटलं.

संध्याकाळी घरी आले तर पश्चिमेची खिडकी बंद होती. सासूबाई पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या करत होत्या. झालेल्या घड्या मोडून पुन्हा करत होत्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "ओळखदेख नसताना माणसं इतकी का चिडतात?"

"कोण चिडलं, आई?"

"कोणी नाही गं. टीव्हीवर."

"मग टीव्ही बघू नका."

"बरं," म्हणाल्या. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. त्या प्रश्नाच्या जोरावर मी इतकी वर्षं पगार घेत होते आणि मला उत्तर येत नव्हतं. दिलं काय, तर हुकूम. मला स्वतःची शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सगळं बंद करा. सगळीकडचं."

ते चाट पडले. "तूच तर म्हणायचीस, लोकांना बोलायला जागा पाहिजे."

"पाहिजेच. पण आपण मैदान उघडं टाकतो आणि सांभाळायला एक बाई बसवतो. तीही कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. बडबड्या पाच-पन्नास जणांनी बाकीच्यांना कधीच हाकलून लावलंय. जे उरलेत ते भांडायला उरलेत."

"हवामान ठेवू या का? तिथे तुझी ती मंडळी आहेत म्हणतेस."

मोह झाला. खोटं कशाला बोलू, फार मोह झाला. पण कालचा दिवस डोळ्यांसमोर होता. "एक दार उघडं ठेवलं तर सगळे त्याच दारातून येतील," मी म्हणाले. "चांगल्या माणसांवर तर अजिबात आणू नये ही वेळ." माझा आवाज चढला होता. त्यांना वाटलं मी रागाने बोलते आहे. रागानेच बोलत होते, फक्त कोणावर ते मला नीट सांगता आलं नसतं.

आठवड्याच्या शेवटी प्रतिक्रिया कायमच्या बंद होणार, जुन्याही दिसेनाशा होणार, अशी सूचना सगळ्या पानांवर लागली. भांडखोरांनी दोन दिवस आकाशपाताळ एक केलं आणि ते दुसऱ्या मैदानाच्या शोधात निघून गेले. हवामानाखाली पुन्हा थोडी शांतता झाली. सासूबाई परत आल्या. नुसता आकडा लिहायच्या, चादरींचं लिहीत नव्हत्या.

"मग आता आपण भेटायचं कुठे?" दमटबाईंनी विचारलं.

त्यावर कोणाचंच उत्तर दिसलं नाही. मला दिसत होतं ना, का नाही ते. चाळणीच्या तळाशी सगळ्यांची उत्तरं पडली होती. गच्चीवाल्याने आपला नंबर आकड्यांत लिहिला होता, मग अक्षरांत, मग कुंड्यांची संख्या म्हणून. उत्तरेकडच्याने उलटा लिहून पाहिला होता. चाळणीने सगळं गिळलं होतं. मी शिकवलेली होती ती, गाळणारच. नर्सचा फोन टेबलावर सरकताना मला अजून दिसत होता, म्हणून मी त्यातलं काही वर काढलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी गच्चीवाल्याने डोकं चालवलं. त्याने लिहिलं, "आमच्याकडचं हवामान कळवतो. सकाळी अठ्ठ्याण्णव, दुपारी बावीस," असं करत करत पहाटेपर्यंत, "नीट उतरवून घ्या, असं हवामान पुन्हा यायचं नाही." चाळणीला तापमान अडवायला मी शिकवलेलंच नव्हतं. ते थेट पानावर लागलं. मी एकटीच टेबलाशी खो खो हसले. शेजारच्या क्रीडा विभागाने वळून बघितलं. मला हसताना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"उतरवून घेतलं," दमटबाईंनी लिहिलं, "आमच्याकडचं संध्याकाळी सांगते." उत्तरेकडच्यानेही घेतलं. मग आल्या सासूबाई.

"अठ्ठ्याण्णव शक्य नाही. तुमचं थर्मामीटर भर उन्हात टांगलेलं दिसतं. सावलीत टांगा. आमच्याकडे बत्तीस."

"ताई, आकडे पुन्हा बघा," गच्चीवाल्याने लिहिलं.

"बघितले. एवढ्या तापमानात माणूस जगत नाही."

"ताई, थोडा वेगळा विचार करून बघा ना."

"तापमानात वेगळा विचार नसतो."

मी कपाळाला हात लावला. बाईंनी आयुष्य विज्ञानाच्या मास्तरांबरोबर काढलेलं. त्या आकडा म्हणजे आकडाच समजणार. दमटबाईंनीही एकदा सुचवून पाहिलं. त्यानंतर सासूबाईंनी लिहिलं, "परवा त्या लोकांनी माझी टिंगल केली, ती समजू शकते. ते परके. पण शेवटच्या दिवशी तुम्हीही थट्टा करावी, हे बरं नाही. असो. सगळ्यांनी तब्येतीला जपा." आणि त्या गेल्या.

मला रडूच फुटलं. त्यांच्याशी बोलणारी तीन माणसं होती. ती तिन्ही दारात उभी राहून हाका मारत होती आणि बाईंना वाटत होतं, आपल्याला चिडवताहेत. आजच्यानंतर कोणी कोणाला सापडणार नव्हतं.

तेवढ्यात त्या हवामानाखाली एक अनोळखी ओळ लागली. "हा तर फोन नंबर दिसतोय. लावून बघायचा का, मित्रांनो?" माझं हसू, रडू सगळं जागच्या जागी थांबलं. मी पेन घेऊन तो नंबर डाव्या तळहातावर उतरवला आणि गच्चीवाल्याचं अख्खं हवामान पुसून टाकलं. त्याच्या खालची ती ओळही पुसली. दोघांनी घेतला होता, पुरे झालं. नियम माझा होता आणि शेवटच्या दिवशीही तो योग्यच होता. आता तो नंबर सासूबाईंपर्यंत पोचायचा एकच रस्ता उरला होता आणि तो माझ्या तोंडून जात होता.

संध्याकाळी पडद्यावरची रांग रिकामी झाली. कोणी हार घालायला आलं नाही, येणारही नव्हतं. मी दिवा बंद केला आणि मूठ मिटून घरी आले.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. मी चप्पल काढली आणि समोर जाऊन बसले. कसं सुरू करावं सुचेना, म्हणून एकदम म्हणाले, "आई, ते तापमान नव्हतं. तो त्यांचा फोन नंबर होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तू वाचत होतीस."

"माझं कामच ते होतं."

"सगळं?"

"सगळं."

"सून उशिरा येते, ते?"

"तेही. मंजूर केलं होतं मी."

त्यांनी तोंड फिरवलं. "घरात बोलता येत नाही म्हणून बाहेर बोलायला गेले," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तर तिथेही तूच."

हे लागलं. लागायलाच हवं होतं. मी बाजू मांडत बसले नाही. नुसता डावा हात पुढे केला आणि मूठ उघडली. घामाने शाई थोडी पसरली होती, पण आकडे लागत होते. त्यांनी चष्मा चढवला, माझा हात धरून दिव्याकडे वळवला आणि एकेक जोडी मनात वाचली. सकाळी अठ्ठ्याण्णव, दुपारी बावीस. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"मी त्याला थर्मामीटर सावलीत टांगायला सांगितलं," त्या म्हणाल्या.

"वाचलं मी."

"थट्टा करता म्हणाले मी त्यांना. काय वाटलं असेल गं?"

"विचारा ना फोन करून."

"छे. ज्यांचं तोंड पाहिलं नाही त्यांच्याशी बोलायचं काय? तिथे बरं होतं. वाटलं तर लिहायचं, नाही तर नाही. फोनवर गप्प बसलं की लोकांना वाटतं लाइन गेली." त्यांनी हात सोडला. "राहू दे. बघू नंतर."

"नंतर नाही, आई. लवकर काय ते ठरवा. मला भांडी घासायची आहेत."

त्यांना हसू आलं. अगदी नकळत, खळखळून. मग त्यांनी उशाखालून आपला फोन काढला आणि मी एकेक जोडी सांगत गेले. पलीकडे घंटा वाजायला लागली तशा त्या घाबरल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. एक जाड, दमलेला पुरुषी आवाज म्हणाला, "हॅलो, कोण?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. पलीकडून पुन्हा, "कोण बोलतंय?" मी मानेने खिडकीकडे खूण केली. त्यांनी वाकून बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "एकोणतीस. वारा आहे."

मग तो माणूस केवढ्याने तरी ओरडला, "खिडकी! अहो ताई, दमटबाई आत्ताच विचारत होत्या!" पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण सासूबाईंनी माझं मनगट सोडलं आणि हाताने मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले. भांडी घासताना मधूनमधून त्यांचं हसू कानावर येत होतं. मध्येच बराच वेळ कोणी बोलत नव्हतं, तेही ऐकू येत होतं.

रोज काही फोन झाले नाहीत. तिथल्यासारखं इथे जमत नाही, असं त्या म्हणतात आणि ते खरंही आहे. दमटबाई फार बोलतात, उत्तरेकडचा बोलतच नाही. मैदान गेलं ते गेलंच, त्याची भरपाई झाली असं मी म्हणणार नाही. बंद करायला सांगणारी मीच होते आणि आजही तेच सांगेन. तरी तो कोपरा आठवला की मला वाईट वाटतं.

ऑफिसने मला दुसरं टेबल दिलं, खिडकीजवळचं. पहिल्या दिवशी तिथे जायला मी घाईने निघाले होते. चप्पल घालत असताना सासूबाईंच्या खोलीतून आवाज आला. मोठ्याने, सासरे सांगायचे तसा.

"सत्तावीस. चादरी हलताहेत. सून आज वेळेवर निघाली आहे, पण डबा ओट्यावर विसरली आहे."

मी थबकले. माझं बोट नामंजूरकडे हललं नाही. इतकी वर्षं मी लोकांच्या प्रतिक्रिया वाचल्या, स्वतः एकही दिली नव्हती. मी चप्पल काढली, आत गेले आणि त्यांच्या शेजारी खिडकीशी उभी राहिले.

"किती म्हणालात?" मी विचारलं. "बघू."